डेल्सफर्डची शांतता

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून वूस्टरच्या दिशेनं जाणारी गाडी पकडली की साधारण दीड तासात किंगम येतं. शेतांच्या मधोमध असलेलं छोटं स्टेशन. तिथून तीनेक किलोमीटरवर डेल्सफर्ड. परगणा ग्लॉस्टरशर, प्रदेश कॉट्सवोल्ड्स, बाजूनं इव्हनलोड नदी वाहते. नदी म्हणायचं तिला, पण आपल्याकडे ओढा म्हणून सोडून दिली असती. नावातला ‘फर्ड’ म्हणजे मूळचा ‘फोर्ड’, नदीचा उतार, पायी ओलांडायची जागा.

आपल्याकडे गाव आणि वाडी यांत फरक करतात तसा इंग्रजांकडेही आहे. त्यांचं माप चर्चचं. चर्च असेल तर गाव, नसेल तर वाडी. या मापानं डेल्सफर्ड गाव ठरतं, कारण तिथे चर्च आहे. पण आकार बघाल तर वाडीच. मधाच्या रंगाच्या दगडाची थोडी घरं, नीट कापलेली कुंपणं, एक मोठा बंगला जो झाडांच्या आड असल्यानं नीट दिसत नाही, आणि छोटं दगडी चर्च. प्रशासनाच्या हिशेबात तर ते आता शेजारच्या ॲडलस्ट्रॉपमध्येच मोजलं जातं. दुकानांची रांग नाही, शाळा सुटल्याचा गलका नाही.

लंडनला आलेले आपले पाहुणे अशा ठिकाणी पोचले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘किती शांत आहे इथे, शेकडो वर्षांत काही बदललेलंच नाही.’ शांत आहे हे खरं. न बदललेलं मात्र अजिबात नाही. ही शांतता वेळोवेळी कुणीतरी पैसे मोजून घेतलेली आहे, आणि त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या गिऱ्हाइकाचा संबंध थेट वडगाव मावळ, नागपूर आणि साळबाईशी पोचतो. डेल्सफर्डला जाण्यापूर्वी हे ठाऊक असलं तर तिथलं कुंपणसुद्धा वेगळं दिसतं.

हे गाव सहसा एका मालकाचं राहिलं आहे. १०८६ च्या सुप्रसिद्ध जमीन-पाहणीत इथली जमीन वूस्टरच्या बिशपकडे लागलेली होती. त्यामुळे झालं काय, की भोवताली ग्लॉस्टरशर आणि ऑक्सफर्डशर असूनही डेल्सफर्ड वूस्टरशरचा तुटक तुकडा म्हणून राहिलं, ते थेट १९३१ पर्यंत. एका संस्थानाचं गाव दुसऱ्याच्या हद्दीत, हा प्रकार जुन्या दक्षिण महाराष्ट्रात ज्यांनी ऐकला असेल त्यांना यात नवल वाटणार नाही.

बिशपच्या हाताखाली ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या हेस्टिंग्ज घराण्याकडे होती. १७व्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध झालं, तेव्हा या घराण्याच्या जॉन हेस्टिंग्जनं राजाची बाजू घेतली. राजा हरला, डोकं गमावून बसला. हेस्टिंग्ज मंडळी डोकं वाचवून बसली पण पैसा गेला. पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी वाडा कसाबसा सांभाळला आणि १७१५ मध्ये तो एका व्यापाऱ्याला विकावा लागला. विकण्याआधी एक सोय करून ठेवली होती. गावच्या चर्चचं पाद्रीपद घरातल्याच एका मुलाला दिलेलं होतं. म्हणजे वाडा परक्याचा आणि त्याच गावात तुटपुंज्या उत्पन्नावर राहणारा पाद्री त्या वाड्याच्या जुन्या मालकांचा वंशज. गाव लहान असलं की असल्या गोष्टी रोज डोळ्यांसमोर येतात.

त्या पाद्रीबुवांचा नातू म्हणजे वॉरन हेस्टिंग्ज. जन्म ६ डिसेंबर १७३२, तिथून जवळच असलेल्या चर्चिल नावाच्या गावात. (याच चर्चिलमध्ये १७६९ साली विल्यम स्मिथ जन्मला. इंग्लंडचा पहिला भूस्तरीय नकाशा बनवणारा तो हाच. एवढ्याशा गावात दोन स्मारकं आहेत ती यामुळे.) आई बाळंतपणातच गेली, बाप निघून गेला, आणि आजोबांनी पोराला वाढवलं. तो गावच्या शाळेत शेतमजुरांच्या मुलांबरोबर बसला. पुढे काकानं लंडनला नेलं, वेस्टमिन्स्टरच्या नामवंत शाळेत घातलं. काका वारल्यावर नव्या पालकानं शिक्षण थांबवून त्याला ईस्ट इंडिया कंपनीत कारकून म्हणून चिकटवलं. १७५० मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा बंगालकडे जहाजात बसला.

त्याच्याबद्दल सांगतात ती गोष्ट अशी. सात वर्षांचा असताना उन्हाळ्यातल्या एका दुपारी तो ओढ्याकाठी लोळत पडला होता. समोर आजोबा-पणजोबांची जमीन, जी आता आपली नाही. तिथे त्यानं मनाशी ठरवलं की हे डेल्सफर्ड मी परत मिळवीन. ही हकीगत त्यानं म्हातारपणी सांगितली आणि १८४१ मध्ये मेकॉलेनं ती लिहून घरोघर पोचवली. होय, तोच मेकॉले, ज्याच्या शिक्षणविषयक टिपणावर आपल्याकडे अजून भांडणं होतात. सात वर्षांचं मूल असं काही ठरवतं का, यावर माझा फारसा विश्वास नाही. साठ वर्षांनी मागे वळून बघताना आयुष्याला असे शिवण-टाके सगळेच घालतात. पण त्यानं गाव परत मिळवलं, हे मात्र कागदोपत्री खरं आहे.

आता आपल्या बाजूला येऊ, कारण डेल्सफर्डची शांतता घ्यायला लागलेला पैसा आणि त्या पैशावरून झालेला बोभाटा, दोन्हींचा एक पदर इकडे आहे.

१७७४ पासून हेस्टिंग्ज कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होता. मुंबईच्या कौन्सिलनं मात्र त्याला न विचारता मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावाशी सुरतेला तह केला आणि त्याला पेशवेपदावर बसवण्याचं अंगावर घेतलं. कलकत्त्याच्या कौन्सिलनं हा तह मोडीत काढून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. मुंबईकर साहेब ऐकेनात. १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज रघुनाथरावाला घेऊन बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या माऱ्यात पडला. मराठ्यांनी त्याचा पराक्रम पाहून त्याला नाव दिलं ‘इष्टुर फाकडा’. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव जाळलेलं, दाणा नाही, चारा नाही, आणि चोहोबाजूंनी मराठी घोडदळ. तोफा तळ्यात टाकून मागे फिरायचा प्रयत्न फसला आणि १६ जानेवारीला वडगावला इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला.

हा करार कलकत्त्याला कळला तेव्हा हेस्टिंग्जला झोंबला. त्यानं तो साफ नाकारला. बंगालहून निघालेली गॉडर्डची फौज मध्य हिंदुस्थान तुडवत गुजरातेत उतरली होती, तिच्या जोरावर युद्ध पुढे चाललं. १७८० च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्याच पॉपम या अधिकाऱ्यानं ग्वाल्हेरचा किल्ला रातोरात घेतला, डिसेंबरात गॉडर्डनं वसई घेतली, आणि १७८१ मध्ये तोच गॉडर्ड बोरघाटातून मार खात परतला. दरम्यान दक्षिणेत हैदर अली कर्नाटकात घुसला होता. नागपूरकर भोसल्यांची फौज चिमणाजीच्या हाताखाली कटकला येऊन बसली होती. ती बंगालवर चालून आली असती तर कंपनीची धडगत नव्हती. नागपूरकरांचं मन मुळात या भांडणात नव्हतं. हेस्टिंग्जनं ते ओळखलं आणि तलवारीऐवजी थैली पुढे केली. लाखांनी रुपये देऊन ती फौज थंड केली.

तीन बाजूंची लढाई आणि त्यावर ही थैली, म्हणजे खजिन्यात खडखडाट. मग पैसा कुठून काढायचा? बनारसच्या राजा चेतसिंगाकडून ठरल्यापेक्षा जास्त रक्कम आधीपासूनच वसूल होत होती. ऑगस्ट १७८१ मध्ये हेस्टिंग्ज स्वतः बनारसला गेला, राजाला अटक केली, गावानं उठाव केला आणि गव्हर्नर जनरलला रातोरात चुनारच्या किल्ल्यात पळावं लागलं. तिथे हात पोळल्यावर मोर्चा वळला फैजाबादच्या बेगमांकडे, म्हणजे अवधच्या नबाबाची आई आणि आजी. त्यांच्या खोजांना कैदेत घालून खजिना बाहेर काढला गेला. आणि मराठ्यांशी? १७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळ साळबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, रघुनाथरावाला पेन्शन मिळालं, आणि पुढची वीस वर्षं पुणे आणि कलकत्ता एकमेकांच्या अंगावर गेले नाहीत.

१७८५ मध्ये हेस्टिंग्ज विलायतेला परतला. १७८८ हे त्याच्या आयुष्यातलं विलक्षण वर्ष. १३ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला. आरोप मांडायला एडमंड बर्कसारखा वक्ता, आणि मोठ्या कलमांपैकी दोन म्हणजे बनारसचा राजा आणि अवधच्या बेगमा. म्हणजे वडगावनंतर चिघळलेल्या युद्धाला पैसा लागला, त्या पैशासाठी बनारस-अवध झालं, आणि त्यासाठी आता पिंजरा. त्याच वर्षी, खटला अंगावर असताना, त्यानं डेल्सफर्डची इस्टेट ५४ हजार पौंडांना विकत घेतली. ओढ्याकाठच्या पोराचा शब्द खरा झाला म्हणायचं.

खटला सात वर्षं चालला. २३ एप्रिल १७९५ ला तो निर्दोष सुटला खरा, पण वकिलांचा खर्चच ७० हजार पौंडांच्या वर गेला होता. ज्याला इंग्लंडभर ‘नबाब’ म्हणून हिणवत, बंगालची लूट घेऊन आला म्हणत, तो माणूस कर्जबाजारी झाला. कंपनीनं वर्षाला ४ हजार पौंडांची नेमणूक बांधून दिली आणि ५० हजार बिनव्याजी उसने दिले, तरी त्याची ओढाताण संपली नाही. यावरून त्याचं मन निर्मळ होतं असं काही जण म्हणतात. मला वाटतं, त्यावरून एवढंच दिसतं की त्याला हिशेब ठेवता येत नव्हता आणि घर बांधायचा सोस भारी होता.

घर बांधलं ते सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुकारानं. कॉकरेल कंपनीच्याच सेवेतला. बाहेरून घर त्या काळच्या इंग्रजी चालीचं, पण मधोमध एक घुमट बसवलेला, हिंदुस्थानची आठवण म्हणून. आत टॉमस बँक्स या शिल्पकारानं घडवलेली संगमरवरी चुल्याची चौकट, तीवर हिंदू पूजेचं दृश्य. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही. ज्यांना हा इंडो-इंग्रजी प्रकार पोटभर बघायचा आहे त्यांनी दहा-बारा किलोमीटरवरच्या सीझिनकटला जावं. तिथे याच कॉकरेलनं आपल्या भावासाठी तांब्याच्या कांद्यासारख्या घुमटाचा अख्खा मोगली वाडाच उभा केला आहे. पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत. कॉट्सवोल्ड्सच्या पावसात भिजणारे नंदी बघून हसावं की ओशाळावं कळत नाही.

डेल्सफर्डच्या बागेत हेस्टिंग्जनं केलेले उद्योग मात्र मला मनापासून आवडतात. अलीपूरच्या आपल्या जुन्या बागेतून त्यानं सीताफळाच्या बिया मागवल्या. लिची लावून पाहिली. तिबेटातल्या शेळ्या पाळायचा प्रयत्न केला. तिबेटहून याक मागवला, त्यातला एक जिवंत पोचला, आणि जॉर्ज स्टब्ज या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. ज्या हवेत टोमॅटोसुद्धा काचेखाली लावावे लागतात तिथे सीताफळ! तीसेक वर्षं हिंदुस्थानात काढलेल्या माणसाला नेमकं काय आठवत राहिलं, ते या यादीत दिसतं. सासवडच्या कुणाही शेतकऱ्यानं त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं असतं की बाबा रे, हे झाड उन्हाचं.

१८१३ मध्ये कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण चालू असताना साक्ष द्यायला त्याला पार्लमेंटात बोलावलं. ऐंशी वर्षांचा म्हातारा परत निघाला तेव्हा ज्या सभागृहानं कधी त्याच्यावर आरोप ठेवले होते, त्याचेच सभासद टोप्या काढून उभे राहिले. १८१६ मध्ये त्यानं गावचं पडकं चर्च नव्यानं बांधलं आणि २२ ऑगस्ट १८१८ ला डेल्सफर्डलाच तो वारला.

१८१८ हे साल मराठी वाचकाला सांगायला नको. ३ जूनला दुसऱ्या बाजीरावानं माल्कमच्या स्वाधीन होऊन पेशवाई संपवली. जहाजानं बातमी यायला तेव्हा महिने लागत. बाजीराव शरण आला हे डेल्सफर्डला कळायच्या आत हेस्टिंग्ज गेलेला असणार. इथे एक घोटाळा हमखास होतो म्हणून सांगतो. पेशवाई बुडाली तेव्हा जो हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल होता तो हा नव्हे. तो मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, वेगळा माणूस. शाळेत असताना या दोघांची सरमिसळ करून मी मार्क घालवले आहेत.

हेस्टिंग्जला मूलबाळ उरलं नाही. त्याची बायको मेरियन १८३७ पर्यंत जगली आणि इस्टेट तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलाकडे, चार्ल्स इमहॉफकडे गेली. एवढ्या यातायातीनं परत मिळवलेलं गाव साठ-पासष्ट वर्षांत पुन्हा विक्रीला निघालं. १८५० च्या दशकात ग्राइजवुड नावाच्या धनिकानं ते घेतलं. त्याला हेस्टिंग्जचं चर्च पसंत पडेना, म्हणून जे. एल. पिअर्सन या नावाजलेल्या वास्तुकाराकडून ते पाडून नवं बांधून घेतलं. म्हणजे आज ज्याला पाहुणे ‘हजार वर्षांचं चर्च’ समजून फोटो काढतात ते मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपेक्षा जेमतेम वीस-पंचवीस वर्षांनी मोठं आहे. घरांचंही तेच. बरीचशी १९व्या शतकात इस्टेटीनं बांधलेली, मुद्दाम जुनी आणि सुबक दिसतील अशी.

एकाच मालकाची गावं अशी विरळ वस्तीची का असत, याचं एक कारण रुक्ष पण महत्त्वाचं आहे. १८६५ पर्यंत इंग्लंडमध्ये गरिबांना पोसायचा खर्च प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला, स्वतः उचलावा लागे. गावात मजूर जितके जास्त, तितका म्हातारपणी किंवा आजारपणी त्यांचा बोजा जमीनदाराच्या करावर. मग जमीनदार हिशेब करी, नवी झोपडी बांधायची नाही, पडकी दुरुस्त करायची नाही. मजूर शेजारच्या गलिच्छ, दाटीच्या गावातून रोज चालत कामाला येत आणि संध्याकाळी परत जात. ज्यांना इस्टेटीत घर मिळे त्यांचं घर नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की घर गेलं. सुंदर, नीटनेटकी, शांत वाडी अशी तयार होते. घाण आणि गोंगाट पलीकडच्या गावात ठेवून.

गायरानांचं काय झालं, हेही थोडक्यात. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटनं जमिनींना कुंपणं घालणारे ५,२०० च्या वर कायदे केले. जवळजवळ ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडची एक पंचमांश जमीन त्यात आली. ज्या गायरानावर गरिबाची गाय चरत होती, सरपण मिळत होतं, ते खाजगी झालं. गाडीच्या खिडकीतून दिसणारी ती हिरवी चौकटी-चौकटीची शेतं, ज्यांवर आपण ‘अगदी कॅलेंडरसारखं’ म्हणतो, त्यातल्या कितीतरी रेघा या कायद्यांनी आखल्या आहेत. मग १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आला, शेती बसली, माणसं शहरांकडे गेली. १८५१ च्या जनगणनेतच देशात शहरी लोक गावकऱ्यांपेक्षा जास्त भरले होते.

मधे काही काळ या खोऱ्यात आगगाडीनं थोडी गजबज आणली. १८५३ मध्ये ऑक्सफर्ड-वूस्टर मार्ग सुरू झाला आणि डेल्सफर्डपासून दीड-दोन किलोमीटरवर ॲडलस्ट्रॉपला स्टेशन झालं. २४ जून १९१४ ला एडवर्ड थॉमस या लेखकाची गाडी तिथे थोडा वेळ थांबली. उन्हाळ्याची दुपार, फलाटावर कुणी नाही, पक्ष्यांचे आवाज. त्या थांब्यावर त्यानं पुढे जी कविता लिहिली ती इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांनाही येते. सहा आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं, आणि ९ एप्रिल १९१७ ला अरासच्या लढाईत थॉमस मारला गेला. इंग्रज माणूस ग्रामीण शांततेबद्दल बोलताना हळवा होतो, त्यात या कवितेचा बराच हात आहे. पण त्या दिवशी जी शांतता होती तिच्यात निदान एक चालू स्टेशन होतं. ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख बीचिंग साहेब, त्यांच्या १९६३ च्या अहवालानंतर देशभर हजारो मैल रूळ आणि दोनेक हजार स्टेशनं बंद झाली. ॲडलस्ट्रॉपचं १९६६ च्या जानेवारीत गेलं. मार्ग राहिला, गाड्या धडधडत जातात, थांबत नाहीत. स्टेशनची जुनी पाटी गावातल्या बसथांब्याच्या शेडमध्ये लावून ठेवली आहे. लोक तिच्याशेजारी बसून फोटो काढतात. मीही काढला.

डेल्सफर्डचे पुढचे मालक आपापल्या काळाचा पैसा घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर वृत्तपत्रांचा धनी लॉर्ड रॉदरमिअर, सत्तरच्या दशकात पोलाद-उद्योगातला बॅरन थिसेन, आणि १९८८ पासून बॅमफर्ड कुटुंब. बॅमफर्ड म्हणजे जेसीबी. पिवळं मशीन, ज्याला आपण कुठल्याही कंपनीचं असलं तरी जेसीबीच म्हणतो. नाव मूळ संस्थापक जोसेफ सिरिल बॅमफर्ड याच्या आद्याक्षरांचं. त्यांच्या घरच्या लेडी बॅमफर्ड यांनी शेती सेंद्रिय केली आणि २००२ मध्ये एका धान्यकोठारात दुकान उघडलं. आज तिथे शनिवारी लंडनच्या महागड्या गाड्यांची रांग लागते. चीज, पाव, भाजी, सगळं उत्तम आणि सगळ्याचे भाव बघून हात मागे घ्यावा असे. चर्चपाशी चिटपाखरू नसतं आणि हाकेच्या अंतरावरच्या त्या आवारात कॉफीला जागा मिळत नाही. ग्रामीण शांतता हे आता विकायचं उत्पादन आहे, एवढं तिथे लगेच समजतं.

आणि जेसीबीचा महाराष्ट्रातला कारखाना कुठे आहे? तळेगावच्या एमआयडीसीत, मावळ तालुक्यात. ज्या तळेगावला १७७९ च्या जानेवारीत मुंबईच्या फौजेला जळकी घरं सापडली, त्याच तळेगावच्या अंगाला. हेस्टिंग्जच्या घरात आज जे राहतात त्यांची मशीनं तिथे तयार होतात. यात कुणाचा काही डाव नाही, इतिहास असा कधीकधी उगीचच वर्तुळ काढतो. पण मला हे कळल्यापासून एक्स्प्रेसवेवरून जाताना तळेगावचा फाटा आला की डेल्सफर्डची कुंपणं आठवतात.

जायचं असेल तर ॲडलस्ट्रॉपहून चालत जावं. खाजगी इस्टेटीतून गेलेली पायवाट असली तरी ती सार्वजनिक आहे. १९४९ च्या कायद्यानं अशा वाटांची अधिकृत नकाशांवर नोंद झाली आणि मालकाला त्या अडवता येत नाहीत. फाटकावर पिवळा बाण दिसला म्हणजे पायी जायची वाट, निळा असेल तर घोड्यालाही मुभा. फाटक उघडलं तर मागे लावायचं, मेंढ्या असतील तर कुत्रा बांधायचा. पावसाळी दिवसांत चिखल पोटऱ्यांपर्यंत येतो, म्हणून बूट चांगले हवेत. बाकी या वाटेवर पाटी नाही, तिकीट नाही, गाइड नाही.

चर्चच्या मागे, पूर्वेच्या बाजूला, हेस्टिंग्जची कबर आहे. चबुतरा, त्यावर दगडी कलश. लेखात पदव्या नाहीत, पराक्रम नाहीत, बंगालचा उल्लेख नाही. नुसतं नाव आणि १८१८. स्टुअर्टची, म्हणजे इष्टुर फाकड्याची, समाधी वडगाव मावळात दाखवतात. तिथे अजून कुणी ना कुणी फूल वाहून जातं. डेल्सफर्डला मी गेलो तेव्हा कलशावर शेवाळ होतं आणि गवत नुकतंच कापलेलं होतं.